पन्नास दगड

तिगावात माझ्या टायरांची गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरा कोणी सांगतो तेव्हा ते टायर ट्रॅक्टरचे होतात.

आंबिया बहाराची संत्री नागपूरला, कळमन्याच्या बाजारात नेणारी माझी पिकअप. टायर 215/75 आर 15. ते पार गोटा झाले तेव्हा मी 235/75 चे बसवले. हिशेब सरळ होता : चाक मोठं, फेरे कमी, फेरे कमी, डिझेल कमी. शिवाय संत्र्यांना दणके बसू नयेत म्हणून हवाही जरा कमीच ठेवली. माझं डोकं एकदा चालायला लागलं की त्याला ब्रेक लागत नाही.

महिनाभराने वही उघडली. लिटरला 12 चं ॲव्हरेज 11.2 वर! मी ड्रायव्हरकडे नुसतं पाहिलं आणि डिझेलच्या टाकीला कुलूप ठोकलं. चावी राहिली माझ्याच खिशात. सावनेरच्या पंपावर गाडी दोन तास उभी. संत्री उन्हात, आणि मी चावी घेऊन मोटरसायकलवर.

ड्रायव्हर काही बोलला नाही. पुढच्या खेपेला मला शेजारी बसवून म्हणाला, "भाऊ, तुमी निस्ते दगड मोजा."

पांढुर्णा सोडल्यावर मी किलोमीटरचे दगड मोजायला लागलो. पन्नास किलोमीटर झाले. मीटर म्हणे 48.

मीटर बिचारा रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. नवं चाक 3 सेंटिमीटरने उंच, म्हणजे 4 टक्क्यांनी मोठं. माझं 11.2 खरं तर 11.7 होतं. कमी पडलेल्यातला अर्धा किलोमीटर माझ्या वहीनेच गिळलेला. उरलेलं कुठे गेलं? मऊ टायर दर फेऱ्याला दबतो, त्यात ताकद जाते. टायर जड, चढावर भरल्या गाडीला खालचा गियर. आणि "साठच्या वर जायचं नाही" ही माझी ताकीद पाळूनही गाडी बासष्टच्या वरच पळत होती. डिझेलचे चोर चार होते. चारही मीच बसवलेले.

त्याच दिवशी हवा भरली, कुलूप काढलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार खेळणारा हा आमचा मुलूख. परवा पानठेल्यावर कोणीतरी म्हणालंच, "आपल्याकडं दगड फेकणारे लय हायेत. मोजणारा हा एकच."