वाघाटीचे मालक

शिरूरच्या जुन्या वस्तीत किंवा दौंडला रेल्वे लाइनीपलीकडे एखाद्या कंपाउंडवर वाघाटी चढलेली दिसली, की घरमालक ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आणि पायजम्याची एक नळी फाटलेली, असा जो गृहस्थ ओसरीवर बसलेला असतो, तोच मालक. नाव काहीही असो, गल्ली त्याला अण्णा म्हणते. कुठले अण्णा ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले, कुठले रेल्वेतून, कुठले साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून. पण आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी सगळे अण्णा एकच वाक्य ऐकवतात : "ही वेल यंदा मुळासकट काढणार."

वेल अर्थातच काढली जात नाही. ती गेली तर अण्णांनी दिवसभर बोलायचं कशावर?

वाघाटी अस्सल इथली. घोड आणि भीमा यांच्यामधला हा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर झाला. अंगणातल्या गुलाबाला सांडपाणी, टँकरचं पाणी, सगळं घालून काकूंची कंबर धरते आणि गुलाब मान टाकतो तो टाकतोच. या वेलीला कधी कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नसतं, तरी ती कडुनिंबाला वळसा घालून गच्चीवर पोचलेली. लावलीसुद्धा कुणी नाही. पाखराने पिकलेलं लाल फळ खाल्लं, भिंतीच्या कडेला बी टाकलं, आणि सात-बारावर नाव न लागता वेल मालकीहक्काने राहू लागली.

तिच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन काटे असतात, दोन्ही मागे वळलेले. त्यामुळे हात आत सहज जातो, पंचाईत होते ती बाहेर काढताना. ओढावं तितका काटा रुततो. सुटायचं असेल तर हात उलट आणखी आत ढकलायचा, जरासा फिरवायचा आणि मग अलगद काढून घ्यायचा. हे शास्त्र अण्णा प्रत्येक पाहुण्याला प्रात्यक्षिकासह समजावतात. बहुतेक वेळा स्वतः अडकलेले असताना.

वेल तोडण्याचे मुहूर्त अण्णांकडे वर्षभर असतात आणि ते न साधण्याची कारणंही. माघ-फाल्गुनात कोयत्याला धार लावून होते, बांबूला आकडी बांधून होते, काटेरी फांद्या दाबून धरायला बेचकं तयार होतं. नेमकी तेव्हाच वेल फुलावर येते. आज उमललेलं पांढरं फूल उद्या गुलाबी पडतं आणि लांब लांब केसरांचे झुपके वाऱ्यावर हलत राहतात. "फुलावरच्या झाडाला कोयता लावू नये," अण्णा म्हणतात. उन्हाळ्यात फळ धरलेलं असतं. पावसाळ्यात चिखल असतो. भाद्रपदात पितृपक्ष, त्यानंतर दिवाळीची गडबड. आणि थंडीत छाटलं तर म्हणे बुंध्यातून दुप्पट फूट येते. (बुंधा ठेवला तर ती कधीही छाटली तरी फुटते, हे शेजाऱ्यांनी पाहिलेलं आहे. एका वर्षी वायरमनने तारेला टेकलेला सगळा शेंडा उतरवला होता. पहिल्या वळवानंतर वेल होती तिथे हजर.)

शेजारी सल्ले देतात. मुळात मीठ घाला. उसाला मारता तेच तणनाशक मारा. जेसीबी बोलवा. अण्णा सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "द्वादशीला वाघाटं मागायला कोण येतं मग?" सल्लागार गप्प.

कारण आषाढी एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सोडताना पानात वाघाट्याची भाजी लागते. पुण्याच्या मंडईत त्या दिवशी विकणारी बाई मागेल तो भाव. तुकोबारायांची पालखी यवतला आली, गावाने वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढली, पालखी वरवंडकडे निघाली, की तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अण्णांची छाती एकाएकी रुंद होते. वर्षभर ज्यांनी "तेवढं काट्याचं बघा हो" म्हणून तोंड वाकडं केलं, त्यांचे फोन यायला लागतात. दशमीला ओसरीवर दरबार भरतो. अण्णा टोपलीतून फळं मोजून देतात : नातेवाइकांना पाच, गल्लीला तीन, तणनाशकवाल्याला एक. "नैवेद्यापुरतं पुरे."

दौंडचे अण्णा रेल्वेतले. मनमाडची लाइन जिथे सोलापूरच्या मुख्य लाइनीपासून फुटते त्या जंक्शनवर हयात गेलेली, त्यामुळे वेलीचाही हिशेब वेळापत्रकातच. एकादशी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ला १७ जुलैला, २०२५ला ६ जुलैला. वेलीला पंचांग कळत नाही. जूनमधली एकादशी आली की अण्णा जाहीर करतात, "फळं अजून आउटरला उभी आहेत." जुलैच्या मध्याला आली तर "राइट टाइम". शिरूरचे अण्णा त्यांचे व्याही. दोघांत वेल कुणाची जुनी यावरून लग्नाच्या बैठकीत जेवढा वाद झाला तेवढा देण्याघेण्यावरूनही झाला नव्हता.

भाजी मात्र काकूच करतात. हिरवं फळ फोडायचं, चमच्याने सगळ्या बिया खरवडून काढायच्या, मिठाच्या ताकात ठेवायचं, मग वाफवून घट्ट पिळायचं. इतकं करून कडसरपणा उरतोच. त्यावर गूळ आणि ओलं खोबरं. अण्णा पहिला घास घेऊन डोळे मिटतात. नातू जिभेवर ठेवतो आणि पाणी मागतो.

मधे एकदा पुण्याहून कॅमेरेवाली मुलं आली. त्यांनी पानं उलटी करून अंडी दाखवली, अळ्या दाखवल्या. पायोनियर, कॉमन गल, ग्रेट ऑरेंज टिप ही फुलपाखरं या वेलीवर अंडी घालतात म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या बोलण्यात 'अधिवास' शिरला. पुढे भाच्याने सांगितलं, पिझ्झ्यावर टाकतात ते केपर म्हणजे वाघाटीच्याच चुलत भावंडाच्या खारवलेल्या कळ्या. अण्णांनी बाटलीची किंमत विचारली, कंपाउंडकडे बराच वेळ पाहिलं आणि मग काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "कळ्या तोडायला हात तुमचे."

एका विषयावर मात्र अण्णा थट्टा करत नाहीत. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याने माणसं नेली आहेत, लेकरं नेली आहेत. तेव्हा ते एवढंच बोलतात, की वस्तीला असं काटेरी कुंपण असायला हवं. त्यावर काकू हळूच म्हणतात, "तुम्हालाच त्यातून सुटता येत नाही."

आता मुलाने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं काढलंय. गाडी लावायला जागा हवी. अण्णांचा जोरदार पाठिंबा. काकू तर वर्षानुवर्षं म्हणतच होत्या, दोरीवरचं एक लुगडं धड राहिलं नाही. ठेकेदार आला, त्याने टेप टाकून माप घेतलं, तारीख मागितली. अण्णांनी पंचांग उघडलं. २०२६ला अधिक ज्येष्ठ, म्हणजे आषाढी थेट २५ जुलैला.

"मग ऑगस्टात धरू," ठेकेदार म्हणाला.

"ऑगस्टात श्रावण लागतो. हिरव्या झाडाला हात लावू नये."

ठेकेदार टेप गुंडाळून निघाला. काकू त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या, आणि द्वादशीला त्याच्या घरी किती वाघाटी लागतील ते विचारून आल्या.