पाण्यावर गाडी चालवण्याची रीत (फक्त जालना जिल्ह्यासाठी)

सर्वप्रथम पाणी मिळवावे. जगात इतरत्र ही पायरी कुणी लिहीत नाही. आपल्याकडे तीच सर्वांत अवघड. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा जालनेकरांनी टँकरची वाट पाहिली आणि टँकर डिझेलवर आले. या जिल्ह्यात गाडी पाण्यावर नव्हे, पाणीच गाडीवर चालते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जावे.

बोअरचे पाणी वापरू नये. क्षार इतके, की पाणी फोडणारे किट आठवड्यात पांढरे पडेल. डिस्टिल्ड वॉटर विकत आणावे. फुकटच्या इंधनाचा खर्च इथूनच सुरू होतो.

आता किट बसवावे. बॅटरीच्या विजेने पाणी फुटते, हायड्रोजन व ऑक्सिजन इंजिनात जातात आणि जळून पुन्हा पाणी होतात. फोडायला जितकी ऊर्जा लागली, जास्तीत जास्त तितकीच जळताना परत मिळणार. शिवाय बॅटरी भरणारे अल्टरनेटर इंजिनच फिरवते, आणि इंजिन इंधनातली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवते. पाणी ही हायड्रोजनची राख आहे. चुलीतली राख फुंकून भाकरी भाजणारी सुगरण सापडली, तर तिलाच हे किट विकायला सांगावे. बाकी मिनिटाला लिटरभर वायू देणारे किट जेमतेम सव्वाशे वॅटची शक्ती देते, आणि ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला साधारण दहा हजार वॅट लागतात. उरलेले कोण देते, हे किटवाल्याला विचारू नये, त्याला वाईट वाटते.

प्रात्यक्षिक पाहताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. पाण्यात कॅल्शियम कार्बाइड टाकले, की ॲसिटिलीन वायू निघतो. मध्य प्रदेशातल्या सागरच्या एका मेकॅनिकने गाडी अशीच चालवून दाखवली होती. तिथे जळते ते कार्बाइड, आणि ते विकत मिळते. तमिळनाडूच्या रामर पिल्लईने १९९६ मध्ये वनस्पती उकळून पेट्रोल केल्याचे सांगितले, देश भारावला. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली मात्र जमले नाही, आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच १९९६ मध्ये ओहायोत स्टॅन्ले मेयरच्या पाण्यावरच्या गाडीला न्यायालयाने ढळढळीत फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पंचवीस हजार डॉलर परत करायला लावले.

तरीही हौस उरली असेल, तर औद्योगिक वसाहतीत जावे. जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांत भट्ट्या विजेवर चालतात आणि मालक युनिटयुनिटचा हिशेब ठेवतात. पाण्यातून ऊर्जा निघत असती, तर पहिले किट त्यांनी केव्हाच बसवले असते, आणि आपल्यापर्यंत बातमीही येऊ दिली नसती.

शेवटची चाचणी सोपी. पेट्रोलची टाकी रिकामी करावी, बॅटरी बदलून साधी बसवावी, बॉनेट आपण उघडून पाहावे आणि किटवाल्याला अंबडपर्यंत जाऊन यायला सांगावे. गाडी ढकलायला दोन माणसे ठेवावीत, मजुरी त्याच्याकडून घ्यावी. डब्यातले उरलेले डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावे. तिथे ते खरोखर उपयोगी पडते.