रॅमभाऊ

त्याचं पाळण्यातलं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या टोळक्यात तो रॅमभाऊ. कॉम्प्युटरच्या रॅमला कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, आणि पळवल्यावर ती टिकते का हे रात्र-रात्र तपासायचं, हा त्याचा उद्योग. पोटासाठी तो बँकेत जातो. पण त्याबद्दल आपण विचारलं तरच बोलतो.

असा एक प्राणी प्रत्येक गावात असतो. त्याच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं असतं आणि त्याचे स्क्रू बडीशेपेच्या डबीत असतात. किल्ल्यांच्या जुडग्यात मेमटेस्टचा पेनड्राइव्ह लटकत असतो. कुणी नवा कॉम्प्युटर घेतला की लोक पेढे मागतात, हा विचारतो, “एक्सएमपी चालू केलं काय बे?” विचारतो ते बरोबरच. डब्यावर 3200 छापलेली डीडीआर4 रॅम बायोसमधली ती एक सेटिंग चालू करेपर्यंत बऱ्याचदा 2133 वरच रेंगाळते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. अर्ध्या गल्लीची रॅम रॅमभाऊने अशी मार्गी लावलीय. फी, एक प्लेट तर्री-पोहे.

मी एकदा मोठ्या तोऱ्यात त्याला माझी नवी 3600 ची रॅम दाखवली. जुनी 3200 ची होती. त्याने डबी उलटी केली, बारीक अक्षर वाचलं आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला. “जुनीची कॅस लेटन्सी 16. गुणिले 2000, भागिले 3200. किती आले?”

“दहा.”

“नवीची 18. गुणिले 2000, भागिले 3600?”

“दहा.”

“दहा नॅनोसेकंदच ना? मंग पहिला शब्द हाती यायला तेवढाच वेळ. पुढचा माल भराभर येईल, ते खरं.” एवढं बोलून त्याने डबी अशा हळुवारपणे परत दिली, की जणू माझ्या घरात कुणी गेलंय.

स्वतःची 3200 ची रॅम त्याने 3733 वर नेलीय, तीही 16 च्याच लेटन्सीवर. म्हणजे दहाचे साडेआठ झाले. त्या दीड नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम दीड फूट जातो. तेवढ्यासाठी रॅमभाऊचे तीन महिने गेले. गेममध्ये पूर्वी सेकंदाला 141 फ्रेम दिसायच्या, आता 147 दिसतात. म्हणजे आकड्यात दिसतात. त्याचा मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे. हे त्याला एकदा मीच सांगितलं. त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

वेग वाढवणं सोपं. खरं व्रत टेस्टचं. प्राइम95 हा प्रोग्रॅम मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी निघाला. रॅमभाऊला मूळ संख्यांशी कर्तव्य नाही, त्याला त्यातली ‘टॉर्चर टेस्ट’ हवी असते. छळ कॉम्प्युटरचा, असं नाव सांगतं. प्रत्यक्षात टेस्ट लागली की काकूंनी मिक्सर लावायचा नाही (“व्होल्टेज पडते!”), काकांनी टीव्हीसुद्धा मुका पाहायचा, आणि घरात सगळ्यांनी वरच्या मजल्यावर बाळंतीण असल्यासारखं चालायचं. टीव्हीच्या आवाजाचा रॅमशी काय संबंध, हे विचारायची काकांची प्राज्ञा नाही.

एका पहाटे त्याचा फोन आला. आवाज बसलेला. “सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं शून्य एरर होती. मंग एक आली.”

“एकच ना?”

“एकच म्हणून राहिला तू!”

सोळा जीबी रॅममध्ये 13,743 कोटी बिट असतात. 13,743 कोटींच्या पंगतीत एक जावई रुसला, आणि रॅमभाऊने सगळी पंगत उठवली. व्होल्टेज, टायमिंग, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे वेड नुसतं वेड नाही, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला तोही दहा मिनिटं टेस्ट करून मोकळा व्हायचा. त्याच काळात त्याने ताईच्या लग्नाचे फोटो कॉपी केले आणि कार्ड पुसून टाकलं. कॉम्प्युटर बंद पडला नाही, निळा पडदा आला नाही, काही नाही. महिन्याभराने फोटो उघडले, तर काहींचा खालचा अर्धा भाग राखाडी. मंगळसूत्राच्या फोटोत भटजी पूर्ण आहेत, ताई कपाळापर्यंत. “दिसते ते एरर बरी राजा,” तो म्हणाला, “न दिसणारी घर खाते.”

“मग कंपनीच्या वेगावर ठेव ना!”

मी सावजीचा रस्सा बिनतिखटाचा मागितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

त्याचा खरा वैरी नागपूरचा उन्हाळा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एवढासा गळका माठ. 64 मिलिसेकंदांच्या आत सगळे माठ पुन्हा भरावे लागतात. भरताना काम थांबतं, म्हणून वेगाचे भक्त दोन भरण्यांमधलं अंतर ताणतात. थंडीत ते ताण सोसतं. पण उष्णता वाढली की माठ जास्त गळतात. त्यामुळे जानेवारीत रात्रभर निर्दोष चाललेली सेटिंग एप्रिलमध्ये वीस मिनिटांत कोसळते. मे उजाडला की बैठकीतला कूलर कॅबिनेटकडे तोंड करून बसतो आणि काका ओला पंचा डोक्यावर घेऊन रॅमचं तापमान वाचून दाखवतात: “एक्कावन्न झालं रे!” स्वतःचं कुणी मोजत नाही.

यंदा नवतपातच त्याच्यासाठी स्थळ आलं. कूलर तेवढ्यापुरता पाहुण्यांकडे वळवला होता. रॅमभाऊ हसतमुख बसला होता, पण कान आतल्या खोलीत. सरबत झालं, चिवडा झाला. मुलीचे वडील घसा खाकरून म्हणाले, “बाकी सगळं उत्तम आहे. मुलगा स्थिरस्थावर आहे ना, एवढंच पाहायचं.”

काकू “हो, हो” म्हणणार, तोच आतून टेस्ट थांबल्याचा आवाज आला. रॅमभाऊचा चेहरा पडला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नाही.

“जानेवारीत होतो,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात काही सांगता येत नाही.”