काकी, घोटा!

बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद एवढ्या जमिनीवर आपलं नाव अजरामर होणार, याची मला पहिल्यापासून खात्री होती. पुरुषांना १३ बाय १० मिळतं, पण अजरामर व्हायला आठ मीटरसुद्धा पुरतात. प्रश्न एवढाच होता, की चौकातल्या फ्लेक्सवर माझा फोटो डावीकडून द्यावा की उजवीकडून. आमच्या बचत गटाने कबड्डीचा संघ काढायचं ठरवलं, तेव्हा कर्जाचे हप्ते बाजूला सारून मी जर्सीच्या रंगाचा विषय घेतला तो उगाच नाही.

हे खूळ आलं माझ्या भाचीकडून. ती अमेरिकेत ऑस्टिनला असते आणि तिथल्या बायकांच्या रोलर डर्बी संघात खेळते. व्हिडिओ कॉलवर डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, पायात चाकांचे बूट अशी उभी राहून मला म्हणते, "मावशी, तू पण खेळ." आमच्या खांब गावात? मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं ते आमच्या दारावरून. इथे चार चाकांवर माणूस सरळ जात नाही, आठ चाकांवर काय जाणार?

पण तिने नियम सांगितले आणि मी कान टवकारले. दोन्हीकडून पाच-पाच जणी. एकीच्या हेल्मेटवर तारा, ती जॅमर. तिने समोरच्या चौघींच्या घोळक्यातून वाट काढून पुढे जायचं. पहिल्या फेरीला गुण नाहीत, त्यानंतर मागे टाकलेल्या प्रत्येक बाईचा एक. समोरच्यांनी तिला खांद्यांनी, कुल्ल्यांनी अडवायचं. कोपर मारलं तर तीस सेकंद बाहेर बसायचं. म्हणजे आपली चढाई आणि पकडच की! एक नियम मात्र मला फार म्हणजे फारच आवडला. एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, पण घोळक्यातून नियमात राहून आधी सुटलेल्या जॅमरने दोन्ही हात कमरेवर आपटले की डाव तिथल्या तिथे खलास. हा नियम करणाऱ्या बाया रोह्याच्या बाजारात येऊन गेल्या असाव्यात अशी मला दाट शंका आहे.

तर आम्ही बिनचाकांच्या खेळावर आलो. शिकवायला शेजारचा मुलगा, वय बावीस, पुरुषांच्या संघातला पट्टीचा चढाईपटू. त्याने आधी वजनाचं काढलं. खुल्या गटात बायकांना ७५ किलोची मर्यादा असते म्हणे. आता वजन हा विषय बचत गटात अध्यक्षीय परवानगीशिवाय निघत नाही. शिवाय काटा कुठला? रेशन दुकानातल्या काट्यावर कोणाचा विश्वास नाही, दवाखान्यातला नको तेवढा खरा. शेवटी भाताच्या गिरणीवर गेलो. पोती चढवायच्या त्या लोखंडी काट्यावर एकेक जण चप्पल काढून चढली, मंगळसूत्र काढायचं की नाही यावर चर्चा झाली. माझ्या जाऊबाईंनी तर मोबाइलसुद्धा माझ्या हातात दिला आणि मग काट्यावर उभं राहून श्वास आत ओढून धरला, जणू श्वासाचंच वजन जास्त. गिरणीवाला आकडा मोठ्याने सांगायचा, सवयीने. माझा सांगितला तेव्हा रांगेतल्या दोन गडीमाणसांनी आपल्या पोत्याकडे पाहिलं. पंचाहत्तरच्या आत आहे मी. किती आत, ते गिरणीवाल्याला ठाऊक.

मला अर्थातच चढाई हवी होती. फोटो चढाई करणारीचा निघतो. हवेत झेप, केस उडालेले, खाली सहा-सात हात. नियम मी तोंडपाठ केले. निदान रेषा ओलांडायचीच, नाहीतर बाद. समोर सहा किंवा जास्त जणी असल्या तर बोनस. एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि त्या वेळी दुसरा हवेत. समोरचा सगळा संघ बाद केला की लोण, त्याचे दोन गुण वेगळे. एवढं सगळं जमलं. जमलं नाही ते दम धरणं. तीस सेकंद एकच शब्द म्हणत राहायचं, मध्ये स्वतःचं मत घालायचं नाही, हे माणसाला शक्य आहे का? "कबड्डी, कबड्डी, कबड्डी, अगं तुझी पिन सुटलीये, कबड्डी." शिट्टी.

मला डाव्या कोपऱ्यावर टाकण्यात आलं. तिथे काम एकच, चढाईवाली पाय मागे घेताना घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. "काकी, घोटा!" असं तो पोरगा ओरडला की मी झेप घेते. झेप हा माझा शब्द. पाहणारे 'बसली' म्हणतात. पण एकदा बसले की चढाईवाली मध्य रेषेला जात नाही, गिरणीवाला साक्षी आहे.

चढाई गेली अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे. त्यांना बोनसचा नियम पोरगा समजावून सांगत होता, तेवढ्यात त्यांनी साडीचा काष्टा मारला, अनवाणी आत गेल्या, उजवा पाय अलगद रेषेपलीकडे टेकवला, डावा वीतभर वर, आणि परत. धूळसुद्धा उडाली नाही. पोरगा गप्प. नववीत असताना जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती, त्या म्हणाल्या. मग वैशाखात लग्न झालं. एवढंच.

इथे रायगडात मूल चालायला लागायच्या आधी चढाई शिकतं. भातं कापली की शेतं चोपून मैदानं होतात, हॅलोजन लागतात, पहाटेपर्यंत समालोचन. गावदेवांची नावं पुरुषांच्या संघांनी कधीच घेऊन टाकलीत, आमच्यासाठी देव शिल्लक नाही. आणि आमचा सामना? दुपारी तीनला, 'प्रदर्शनीय'. त्या उन्हात मदतनीस बाईंच्या तळपायांना फोड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिचडी ढवळायला उभ्या होत्याच. पुरुषांना रोख रक्कम आणि चषक, 'पब्लिक हिरो' वेगळा. मला उत्कृष्ट पकडीचा कुकर मिळाला. तीन लिटरचा.

मी स्पर्धेच्या समितीकडे गेले. "बायकांची कबड्डी बघतं कोण, वहिनी?" असं उत्तर आलं. म्हटलं, २०१८ ला जकार्तात आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींना इराणने २७-२४ असं हरवलं, तेव्हा इराणची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतली बाई परदेशात जाऊन सुवर्ण मिळवून देते, आणि २०२३ ला हांगझोऊमध्ये आपल्या मुली चिनी तैपेईला २६-२५ ने हरवतात, ते पदक भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं ठरतं. देशाची शंभरी बायकांच्या कबड्डीने भरली, आणि तुम्ही आम्हाला दुपारी तीनला उतरवता? पुढच्या वर्षी रात्री नऊला, हॅलोजनखाली. बक्षीस रोख.

ते म्हणाले, "बघू."

मग त्यांनीच जरा मऊ आवाजात विचारलं, की चहा-वड्यांचा स्टॉल तेवढा नेहमीसारखा गटाकडेच ना?

आमच्या खजिनदारबाईंनी वही मिटली, पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "बघू."