मुख्यपृष्ठ › इतर › नाना

नोव्हेंबर उजाडला की निवृत्त माणसाला आपण अजून आहोत हे लेखी कळवावं लागतं. आमचे नानाकाका वयाच्या 79व्या वर्षीही हे काम हौसेनं करतात. बँकेत जायचं, खिडकीशी उभं राहायचं, सही ठोकायची, येताना अर्धा डझन केळी आणायची. यंदा त्यांना कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की आता हे सगळं पोर्टलवर घरबसल्या होतं. मला बोलावणं आलं. घरबसल्या या शब्दातली मेख त्या दिवशी मला कळली. बसावं लागतं, आणि उठता येत नाही.

पोर्टल कुठल्या कार्यालयाचं ते सांगत नाही. माझी फाइलही पुढंमागं तिथंच जायची आहे.

मुख्यपृष्ठ उघडलं. सगळ्यात वर तीन मान्यवर, हसतमुख. त्यांच्याखाली एक पट्टी उजवीकडून डावीकडे धावत होती. नाना मान वळवत तिच्यामागं गेले, दोन फेऱ्यांनंतर त्यांची मान धरली. ‘‘अरे, ही वाचायला दिलीय की पकडायला?’’ मग ‘नवीन’ असं लाल अक्षरांत लुकलुकणारं काहीतरी दिसलं. ते 2017 सालचं परिपत्रक होतं. शेजारी मेनू: आमच्याविषयी, ध्येय व धोरणे, रचना व कार्ये, आस्थापना, निविदा, छायाचित्र दालन, इतर.

‘‘यात मी कुठाय?’’ नानांनी विचारलं.

तुकोबांपासून सगळ्यांना पडलेला प्रश्न, पण सातच पर्यायांत उत्तर शोधायचं होतं. आस्थापनेत पाहिलं, तिथं नोकरीत असलेले लोक. नाना 21 वर्षांपूर्वीच तिथून बाहेर पडलेले. ‘इतर’ उघडलं तर आत अठरा ओळी, आणि शेवटची ओळ पुन्हा ‘इतर’. शोधचौकटीत ‘हयातीचा दाखला’ टाकलं. शून्य निकाल. ‘दाखला’ टाकलं. शून्य. मराठीत दाखला हा दाखल्याचा, दाखल्यासाठी, दाखल्यांबाबत असा रूपं बदलत फिरतो, हे त्या चौकटीला कुणी शिकवलेलंच नव्हतं. शिवाय निम्मी परिपत्रकं म्हणजे तिरक्या स्कॅनचे फोटो आणि उरलेली युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टात. डोळ्यांना मराठी, यंत्राला नुसता चिवडा.

शेवटी सापडला. रस्ता असा: मृत्यूपश्चात लाभ, वारसांसाठी, विहित नमुने, संकीर्ण. तिथं एक पीडीएफ: ‘हयात प्रमाणपत्र सुधारित अंतिम 2’. म्हणजे जिवंत असल्याचा कागद मिळवायला आधी मरणाच्या दारातून आत शिरायचं. नचिकेत्यानंतर हा मान नानांचाच.

अर्ज भरायला घेतला. नानांना चष्मा सापडेना, मग मोबाइल सापडेना, मग ओटीपी आला तो नानींच्या फोनवर. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आपली मुदत संपली आहे.’

‘‘अहो, काय म्हणतोय तो?’’ नानी स्वयंपाकघरातून.

‘‘मुदत संपली म्हणतोय.’’

नानी हातातलं उलथणं घेऊनच बाहेर आल्या.

इथं नानांविषयी थोडं सांगायला हवं, कारण साध्या माणसानं लॅपटॉप मिटला असता. नाना महसूल खात्यात अभिलेखापाल होते. रेकॉर्ड रूम हे त्यांचं साम्राज्य. त्या खात्यात टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत आहे: हातात घ्यायची प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेतली, ठरलेल्या मुदतीला पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमकडे धाडायचे कागद आणि नष्ट करायचे. रेकॉर्ड रूममध्ये गेल्यावर पुन्हा अ, ब, क, ड. अ वर्ग कायमचा, लाल रुमालात. ड वर्ग पांढऱ्या रुमालात, वर्षभरानं फाडायला मोकळा. (रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं कापड. पेशवे दफ्तरातले कागदही रुमालांतच बांधलेले आहेत. फोल्डरला मराठी शब्द नाही म्हणून उसासे टाकणाऱ्या मंडळींना हे सविनय कळावे.) नानांची कसोटी एकच असे: मी रजेवर असताना नव्या कारकुनाला कागद सापडला पाहिजे. मी हजर असताना सापडला तर ते माझं कौतुक, व्यवस्थेचं नव्हे.

तर नानांनी पोर्टलच्या मेनूकडे बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं. ‘‘ही त्यांच्या हापिसातली टेबलं आहेत रे. दारातून शिरल्यावर डावीकडे आस्थापना, मग निविदा. मयताचं काम आणि हयातीचं काम एकाच टेबलाला असणार, म्हणून एका खणात.’’

मेल्विन कॉनवे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं 1968 साली हेच मांडलं होतं: संस्था जी यंत्रणा बनवते तिच्यात त्या संस्थेतल्या माणसांच्या आपापसातल्या बोलण्याचाच आराखडा उमटतो. त्याच्या नावानं तो नियम जगभर सांगितला जातो. नानांना तो टेबलांच्या मांडणीवरून कळला, आणि कॉनवेचं नाव सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘त्याच्याही खात्यात असंच असणार.’’

दुसऱ्या दिवशी गेलो तर नाना लग्नपत्रिका कापत बसलेले. आमच्या घराण्यात लग्नपत्रिका टाकत नाहीत, पाठ कोरी असते. एकेका तुकड्यावर पोर्टलवरची एकेक गोष्ट लिहिलेली, असे 40 तुकडे. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी ते पसरले आणि प्रत्येकाला सांगितलं, जे एकत्र असावं असं वाटतं ते एकत्र ठेवा आणि त्या ढिगाला नाव द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लावले, वॉचमननं लावले, पेपर टाकणाऱ्या पोरानं सायकलवरून न उतरता लावले. याला परदेशात कार्ड सॉर्टिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. पत्रिकांच्या दुसऱ्या बाजूला ‘आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ असं होतं, ते तिकडे नसतं.

एकानंही हयातीचा दाखला मृत्यूच्या ढिगात ठेवला नाही. वॉचमननं तर त्याच्या ढिगाला नाव दिलं, ‘दरवर्षी करायचं’. काकूंनी दिलं, ‘पैसे बंद होऊ नयेत म्हणून’. मान्यवरांच्या फोटोंचा तुकडा सगळ्यांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला. तो कुठल्याच ढिगात बसेना.

असे ढीग लावून देणाऱ्या रचनाकारांची एक जमात आहे, माहितीचे वास्तुविशारद. हा शब्द 1970च्या दशकात रिचर्ड सॉल वर्मन या खऱ्याखुऱ्या वास्तुविशारदानं रूढ केला. 1998 साली या विषयावर एक पुस्तक आलं, त्याच्या मुखपृष्ठावर पांढरं अस्वल होतं, म्हणून धंद्यातले लोक त्याला अस्वलाचं पुस्तकच म्हणतात. आपल्याकडे मात्र त्याआधीच, 1931 साली, मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले होते, आणि त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी होता. सरकारी पोर्टलवाल्यांनी हा नियम वाचलाच नाही असं म्हणता येणार नाही. त्यांनी तो बहुधा शोधचौकटीत टाकून पाहिला असेल.

हे सगळं मी नानींना सांगत होतो, तेव्हा त्या फोडणी करत होत्या. ‘‘मोहरी माळ्यावर ठेवून कसं चालेल?’’ त्या म्हणाल्या. मिसळणाचा डबा ओट्यावर, हाताशी. त्यात मोहरीची वाटी उजव्या हाताला, कारण पहिली तीच लागते. पुरणयंत्र माळ्यावर, ते होळीला उतरतं. त्या पोर्टलवर पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि सासूबाईंचा फोटो गॅसशेजारी मांडलेत, आणि मोहरी माळ्यावरच्या ट्रंकेत, तिलाही कुलूप. एवढं बोलून त्यांनी मला ताक दिलं.

कट्ट्यावरच्या ढिगांवरून नानांनी पोर्टलही सहा गठ्ठ्यांत लावावं अशी सूचना कार्यालयाला रीतसर कळवली. महिनाभरानं पोर्टल खरंच बदललं. मान्यवरांचे फोटो आता मोठे झाले आणि आपोआप सरकू लागले. मेनू नाहीसा झाला. त्या जागी कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आल्या. नाना म्हणाले, ‘‘हे शंकराचं भस्म इथं कशाला?’’ त्यांच्यावर टिचकी मारली की तेच सात पर्याय उघडत होते, फक्त आता आधी शोधून काढावे लागत होते. उजवीकडे खालून एक चॅटबॉट उसळी मारून वर आला. ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू?’ नानांनी सावकाश टाइप केलं, ‘मी जिवंत आहे.’ त्यानं उत्तर दिलं, ‘क्षमस्व, हा पर्याय उपलब्ध नाही.’

दाखला नानांनी बँकेच्या खिडकीवर जाऊनच दिला. खिडकीवरच्या मुलीनं मान वर करून नानांकडे एकदा पाहिलं, कागद पुढं सरकवला, सही, शिक्का, चार मिनिटं. केळी महागली होती.

आणि काल त्यांच्या फोनवर संदेश आला. मला वाचून दाखवायला लावला: ‘आपला बहुमोल अभिप्राय प्राप्त झाला असून तो पुढील कार्यवाहीसाठी मृत्यूपश्चात लाभ शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे.’

नानांनी त्याचा प्रिंट काढून आणायला लावला. कोपऱ्यात तारीख घातली, टाचणी लावली आणि दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला, उत्तराच्या प्रतीक्षेतल्या.