दुधी कुणी तोडायचा?

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, असं महाराष्ट्राचा सहकार कायदा सांगतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पेरणी नसणार. मृगाच्या पहिल्या सरीला एखाद्याच्या मनात सोसायटीत भाजी लावायचं आलं, तर इतिवृत्त, लिफ्टची दुरुस्ती आणि पार्किंगचं भांडण पार करून ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत पाऊस परतीला लागलेला असतो. आमच्या बागेचा ठराव तेव्हाच मंजूर झाला. त्या क्षणी बटाटेवडे आले होते, विरोधकांची तोंडं भरलेली होती.

जागा मिळाली टाकीमागची. ऑक्टोबरच्या उन्हात कुदळ मारली आणि बिल्डरनं आपल्याला काय काय दिलंय ते कळलं. वीतभर मातीखाली सगळा राडारोडा: विटा, फरशीचे तुकडे, घट्ट झालेली सिमेंटची गोणी आणि एक अख्खं बेसिन. माहितीपत्रकात यातल्या कशाचाच उल्लेख नव्हता.

मग ज्याला त्याला कुणीतरी जाणकार आठवला. एकानं श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं नाव काढलं आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं पोटभर जेवू शकतं, ते समजावून सांगितलं. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. आमची सोसायटी पार्किंगसकट तेवढीच भरेल, आणि तिच्यात चार मजली दोन इमारती आहेत. ते गणित तिथंच राहिलं. दुसऱ्यानं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनची गच्ची सांगितली. तिथं 2002 पासून प्रीती पाटील यांनी मुदपाकखान्यातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली, वांद्र्याला स्वतःच्या गच्चीत शेती करणाऱ्या डॉ. दोशींची पद्धत पाहून. त्या पद्धतीत मातीचं काम थोडं, उसाच्या चिपाडांचं आणि पाल्याचं जास्त. हे आम्हाला पटलं, कारण माती नव्हतीच आणि चिपाडं कोपऱ्यावरचा रसवंतीवाला आनंदानं द्यायला तयार होता.

खताच्या खड्ड्यानं महिनाभर वास मारला. ओल्यावर सुका पाला टाकायचा, हे ठाऊक सगळ्यांना होतं. तो दुसरा कुणीतरी टाकेल, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय त्या खड्ड्यात कुणाकडे कोबी आणि कुणाकडे पापलेट, ते उघड्यावर आलं, तेव्हा काही घरांत कचरा रात्री अंधार पडल्यावर नेण्याची प्रथा सुरू झाली. पण थंडीत मेथी आली, हातभर लांबीचा मुळा आला आणि पुढच्या पावसात टाकीवर दुधीचा वेल चढला.

खरी पंचाईत इथून पुढे. पिकवायचं कसं, हे सांगणारे खूप भेटले. तोडायचं कुणी, हे एकानंही सांगितलं नाही.

फुलांचा प्रश्न आपल्याकडे केव्हाच सुटलेला आहे. पहाटे फिरायला निघालेली सज्जन माणसं पिशवी काढतात आणि कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, तगर, झालंच तर उद्याच्या कळ्याही नेतात. कळ्या घरी पाण्यात उमलतात, म्हणे. देवासाठी नेलेल्या फुलाची चोरी होत नाही, हा कायदा पुण्यात सहकार कायद्याहून जुना आहे. दुधीला असा कोणताही देव नाही. तो नेला तर सरळ आपल्याच कढईत जाणार, आणि तो नेताना पाहायला तीस खिडक्या.

म्हणून कुणीच तोडेना. जाता-येता थांबून नख मात्र सगळे लावून पाहायचे, कोवळा आहे ना म्हणून. नख सहज रुतायचं, माणूस समाधानानं मान हलवायचा आणि वर निघून जायचा. आठवड्याभरात त्या दुधीवर हजेरीपटासारख्या खुणा उमटल्या. चेअरमन म्हणाले, आधी सेक्रेटरींनी न्यावा. सेक्रेटरी म्हणाले, लोक काय म्हणतील? लिलाव करावा, समान तुकडे करावेत, अशाही सूचना आल्या. माझं मत विचाराल तर वेल चोरांच्या हाती सोपवणं सगळ्यात न्याय्य झालं असतं. तोवर दुधीची साल इतकी निबर झाली की नखच मोडायची वेळ आली.

शेवटी वॉचमनच्या बायकोला, लताताईंना, राहवलं नाही. त्या लातूरकडच्या. “आवो, निबर फळ येलावर ठिवलं की येल थकतो. पुढचं धरत न्हाई,” असं म्हणून त्यांनी विळा आणला. त्या सभासद नाहीत. त्यांचा शेअर नाही, मत नाही, त्यामुळे भीडही नाही. तो निबर दुधी आणि खालचे तीन कोवळे त्यांनी पटापट कापले, कोवळ्यांतला एक स्वतःच्या खोलीत ठेवला आणि उरलेले दोन दार उघडं दिसेल तिथं देऊन आल्या.

आता दर चार दिवसांनी त्या तशा फिरतात. वेल पुन्हा लागलाय. गेल्या वेळी दोन घरांतून निरोप आला की आमच्याकडे मुलं दुधी खात नाहीत, दोडका असेल तर सांगा.