रा. रा. खड्डेबुजवे यांस

श्रीमान कंत्राटदारसाहेब यांचे सेवेशी,

आमच्या पेठेतील शाळेच्या वळणावर, गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री, भर पावसात आणि रोलरासारख्या अवजड साधनाची यत्किंचितही मदत न घेता, केवळ फावड्याच्या पाठीने थापटून आपण जो खड्डा बुजविलात, त्याबद्दल पेठेतर्फे आपले जाहीर अभिनंदन करावे असा माझा प्रथम मनोदय होता. खड्डा होता तेव्हा तो निदान एका जागी असे; आता त्यातील खडी, ओल्यात डांबराने तिला धरलेच नसल्यामुळे, मोकळी होऊन चाकांच्या रेट्याने वळणाच्या कडेस, म्हणजे नेमकी दुचाकीवाल्यांच्या वाट्यास आली आहे.

तेथे परवा पहाटे, कॉलेजास जाण्यापूर्वी घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा आमचा मुलगा सायकलवरून घसरला. पडताना मनुष्य हात पुढे करतो, ही निसर्गाची योजना. तदनुसार दोन्ही तळहात, एक कोपर आणि एक ढोपर यांवरील कातडी त्याने जागच्या जागी जमा केली. हाड मोडले नाही. यास आपल्याकडे ‘नुसते खरचटले’ म्हणतात.

येथेच आपल्या चातुर्यापुढे मस्तक नमवावे लागते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेले कलम 198-अ, रस्त्याच्या सुरक्षेची मानके न पाळणाऱ्या कंत्राटदारास 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगते खरे, पण केव्हा, तर त्यापायी कोणी मेला किंवा अपंग झाला तर. आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2025 साली खड्ड्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंची व इजांची भरपाई ठरवून दिली, तर आपण खड्डाच शिल्लक ठेवला नाहीत! सोललेले ढोपर घेऊन गेलेला इसम दोन्ही दारांतून परत फिरतो, आणि त्याच्या हाती असते ती फक्त आपली खडी.

ती त्याच्या हातात होती, साहेब, अक्षरशः. दवाखान्यात परिचारिकेने त्याचा तळहात ब्रशने घासला. घासणे प्राप्तच होते, कारण ती कच कातडीखाली राहिली तर वरून जखम भरते आणि निळसर काळा डाग गोंदल्याप्रमाणे जन्मभर राहतो. अशी वरवरची जखम मज्जातंतूंची टोके उघडी पाडते, म्हणून ती पुष्कळदा खोल जखमेहून अधिक झोंबते. तो मुलगा ओरडत होता, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होतो. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. काम झाल्यावर एकदा झाडू फिरवायला काय धाड भरली होती?

(त्याच बाकावर हळद, टूथपेस्ट आणि कॉफीची पूड सुचवून ‘वारा लागू दे, खपली धरेल’ असे सांगणाऱ्या हितचिंतकांचा समाचार स्वतंत्रपणे घेईन. ओलसर झाकलेली जखम उघडीपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांनी 1962 सालीच दाखविले. ते वर्तमान आमच्या पेठेत अद्याप यावयाचे आहे.)

काल मात्र आपले दर्शन घडले. जुनी मोटारसायकल, हँडलला अडकवलेल्या पिशवीत फाइल, आणि त्याच वळणावर दोन्ही पाय जमिनीस टेकवीत आपण स्वतःच्याच खडीवरून गाडी जपून काढीत होता. बिलासाठी कचेरीची वारी चालली असावी. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर व्हावयाची, मग त्या दरात रोलर बसत नाही आणि कोरड्या दिवसाची वाट पाहणेही बसत नाही, हे आपल्याइतके कोण जाणतो? सदऱ्याची बाही वर सरकली होती. आपल्या कोपरावरही एक जुना, निळसर डाग आहे. तो पाहून माझा राग निम्मा उतरला. उरलेला शाबूत आहे.

सबब, त्या मुलाच्या तळहातातून निघालेली खडी परिचारिकेकडून मागून घेऊन, पुडीत बांधून, सोबत रवाना केली आहे. माल आपला आहे. मोजमाप पुस्तिकेत तेवढी वजावट नोंदवून पोच द्यावी.

कळावे.